शेरा

आमच्या घरात आहेराची एक वही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबोडकी, वाणी उधारी मांडतात तशी. १९८४ साली आत्याच्या लग्नात आजोबांनी ती उघडली आणि पट्टीनं रेघा मारून तीन रकाने पाडले : नाव, गाव, आहेर. पहिली दोन पानं अगदी कचेरीतली वाटतात. तिसऱ्यापासून आईचं राज्य. मग मजकूर कडेला चढतो, उभा होतो, पेन्सिलीत उतरतो. ‘दापोलीचे वकील – स्टीलचा डबा, पाच किलोचा. झाकण सैल.’ ‘चिपळूणची मोठी काकू – साडी. फिरवलेली. घडीत दुसऱ्याच लग्नाची चिठ्ठी निघाली.’

यंदा वहीची शिवण उसवली आणि हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायची मला हुक्की आली.

पहिलं सॉफ्टवेअर ऑनलाइन होतं, दिसायला देखणं. त्यानं आधी प्रत्येक रकान्याची जात विचारली : अंक, मजकूर, तारीख की होय-नाही? आहेराला मी अंक म्हणालो. ५१, १०१, २५१ अशा रकमा सुरळीत गेल्या. मग साडी आली आणि चौकट लाल झाली. मी ‘रक्कम’ आणि ‘वस्तू’ असे दोन रकाने केले. लगेच पुढची नोंद : ‘१०१ आणि नारळ, पैकी नारळ नासका.’ तारखेच्या जागी आई सांगत होती, “गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी आणून दिला.” नावाची तर कमालच. आडनाव सक्तीचं, लाल फुलीसकट. काकूचं नाव विचारलं तर आई म्हणाली, “अरे, तिला सगळे मोठी काकूच म्हणायचे.” शेवटी पहिलं नाव ‘मोठी’, आडनाव ‘काकू’ असं भरलं. अकारविल्हे लावल्यावर ‘धाकटी काकू’ आणि ‘नागपूरची काकू’ तिच्या शेजारी येऊन बसल्या. काकू घराणं तयार झालं.

या तक्तेवाल्या शिस्तीचे मूळपुरुष एडगर कॉड. आयबीएममध्ये असताना, १९७० साली, माहिती तक्त्यांत कशी मांडावी यावर त्यांनी एक निबंध लिहिला. बँकेतली आपली खाती आज त्याच वळणानं चालतात. दोन दिवस मी या गृहस्थांवर धुमसत होतो. मग त्यांचं एक म्हणणं वाचलं आणि राग गेला. १९९० च्या पुस्तकात त्यांनी रिकाम्या जागेचे दोन प्रकार मानले : माहिती असणार, पण आपल्याला मिळालेली नाही, हा एक, आणि इथे ती माहिती लागूच होत नाही, हा दुसरा. दोन्हींना एकच खूण लावू नये, असा त्यांचा आग्रह. जाणकारांनी यावर पुष्कळ वाद घातले. मी मात्र वही उघडून बघितली. पत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ छापलं होतं त्या लग्नात आईनं नावांपुढे आडवी रेघ मारली आहे. ‘गर्दीत पाकीट दिलं म्हणतात’ अशांपुढे प्रश्नचिन्ह आहे. एकाही पानावर गल्लत नाही.

उलट्या बाजूनं विचार करणारेही झाले. मिच केपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘लोटस अजेंडा’ १९८८ साली आला. त्यात ओळ आधी लिहायची, खण नंतर पाडायचे. ‘मंगळवारी अमक्याला फोन’ असं लिहिलं की मंगळवार कुठला ते तो स्वतःच ओळखायचा. आईच्या डोक्याला सगळ्यात जवळचं सॉफ्टवेअर हेच, पण लोटसनं ते पुढे बंद केलं. माझ्या आवडीची दुकानंही अशीच बंद होतात.

अखेर मी ‘एसक्यूलाइट’वर आलो. रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेलं, अँड्रॉइड फोनांच्या पोटात निमूट राबणारं. सगळी माहिती एका फाइलीत. रकाना अंकांचा म्हणून सांगितला आणि त्यात ‘साडी’ लिहिलं तरी ते ठेवून घेतं, तोंड वाकडं करत नाही. आमच्याकडे अशा सुनेला समजूतदार म्हणतात. त्याला स्वतःचा चेहरामोहरा नसतो, म्हणून भाच्याकडून साधा फॉर्म करून घेतला. नाव, गाव, आहेर आणि, सरकारी रजिस्टरात शेवटी असतो तसा, शेरा. महिन्याभरात पहिले तीन रकाने विरळ झाले आणि शेरा फुगला. सैल झाकण शेऱ्यात, नासका नारळ शेऱ्यात, गौरी शेऱ्यात. ‘चिपळूण’ शोधलं की सगळं मिळतं. तक्ता म्हणून कॉड यांना दाखवायची सोय नाही.

आई बराच वेळ मागे उभी राहून बघत होती. “हे कोणाकोणाला दिसतं रे?”

“कोणालाच नाही. फाइल माझ्या लॅपटॉपवर आहे.”

“आणि ते आधीचं?”

आधीच्या ऑनलाइन तक्त्याची लिंक भाच्यानं कौतुकानं घरच्या ग्रुपवर टाकली होती. त्या ग्रुपमध्ये मोठ्या काकूची सून आहे. मी लिंक बंद केली, तक्ता उडवला, आणि कोणी उघडलाच नसेल असं आईला तीनदा सांगितलं. ती काही बोलली नाही.

वही तिनं बाइंडरकडून शिवून आणली आणि पुन्हा कपाटात, साड्यांच्या चळतीखाली ठेवली. परवा एक पत्ता बघायला मी ती काढली. काकूच्या ओळीपुढे पेन्सिलीनं एक नवं प्रश्नचिन्ह होतं.