परक्या बाईचं पेन

बाई, कुणाला सांगू नका. म्हणजे सांगा, पण माझं नाव नको. वजिराबादेतल्या आमच्या गल्लीतले रिटायर्ड सर, ज्यांनी जन्मभर फळ्यावरून नजर हलवली नाही, त्यांच्या शर्टाच्या खिशात परक्या बाईच्या नावाची अक्षरं निघाली. ई. एम. इंग्रजीत, वळणदार, आणि तीसुद्धा चांदीवर कोरलेली. काकूंनी शर्ट मशीनमध्ये टाकायच्या आधी खिसे चाचपले म्हणून उजेडात आलं.

सर जरा तरी ओशाळतील? नाव नको. खुर्ची ओढून समजावून सांगायलाच बसले. ई. एम. कोण ते त्यांनाही ठाऊक नाही. शंभरेक वर्षांपूर्वी कुण्या मडमेनं हे शाईचं पेन घेतलं असणार. टोपणाच्या शेंड्याला कडी आहे. ती रिबिनीत नाहीतर साखळीत ओवून तिकडच्या बाया पेन गळ्यात घालायच्या. "बघा, कडी शाबूत आहे," सर म्हणाले, जशी काही नातीची पत्रिका जुळली.

आता ह्या चाळ्याचं नाव ऐका: ओव्हरले. आत काळं एबोनाइट, म्हणजे भरपूर गंधक घालून तापवलेलं कडक रबर, आणि त्याच्या अंगावर चांदीची नाहीतर सोन्याची जाळी, कधी सबंध नक्षीदार पत्रा. "काळ्या परकरावर जाळीची साडी म्हणा की," काकू. सरांना उपमा रुचली नाही. एबोनाइट अस्सल आहे का हे बघायला ते अंगठ्यानं खसाखसा चोळायचं आणि नाकाला लावायचं. गंधकाचा वास आला पाहिजे. हे सगळं ओट्यावर, भाजीवालीच्या देखत. "काय हुंगायलात हो सर?" तिनं विचारलं. सर म्हणाले, "जुनं आहे." बाईनं पदर सावरला आणि गाडा पुढे ढकलला.

खूळ आलं लातूरहून, व्याह्यांकडून. गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात, पण हे गृहस्थ एकाही रस्त्यानं सरळ घरी पोचत नाहीत. सराफाकडे भिंग मागत उभे राहतात. मागच्या दिवाळसणाला जावयाचा मानपान राहिला बाजूला, दोघे व्याही पाटावर डोक्याला डोकं लावून आकडे वाचायलेत. वॉटरमन कंपनीच्या पेनांना आकड्यांची भाषा आहे. ४५२ असेल तर चार हा चांदीचा, पाच हा बाजूची दांडी उचलून शाई ओढण्याचा, दोन निबाच्या मापाचा. ५५२ म्हणजे निखळ सोन्याचं आवरण. आणि पुढे शून्य लागलं, ०५५२ झालं, की तेच सोनं पातळ होतं.

व्याह्यांनी ऐटीत काढलं ते नेमकं शून्याचं.

चकल्यांचं ताट ठेवायला काकू वाकल्या. पेन उचललं, उजेडाकडे तिरकं धरलं, ठेवलं. "रोल्ड गोल्ड आहे. टोपणाच्या कडेला पितळ डोकावतंय बघा. खोटा दागिना आधी कडेलाच बोलतो." ना भिंग, ना पुस्तक. दोन व्याह्यांना जे कळायला तास लागला ते बाईनं चकली निवायच्या आत सांगितलं. आणि हेच सर, बरं का, प्लॉट घेताना काकूंच्या पाटल्या मोडीत घालून म्हणाले होते, "सोनं काय चाटायचंय?" मला पेनाचा राग नाही. त्या वाक्याचा आहे.

व्याही हार मानतात होय? पुढच्या महिन्यात त्यांनी इंग्लंडचं स्वान पेन पैदा केलं, अंगभर चांदी, वर चार बारीक ठसे. रात्री साडेअकराला फोन. काकूंना वाटलं, कुणाचं काही बरंवाईट. तर म्हणे, सिंह सापडला! चालता सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. एक अक्षर असतं, त्यावरून साल निघतं. आणि एक खूण गावाची: लंडनचं बिबट्याचं मुंडकं, बर्मिंगहॅमचा नांगर. बर्मिंगहॅमला समुद्र नाही, तरी नांगर! आपल्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, पण आम्ही काही गावाच्या शिक्क्यावर होडी काढली नाही.

खरी बिंगं तर पुढेच फुटली. ह्या पेनवेड्या लोकांत म्हणे, मालकाचं नाव कोरलेलं असलं की पेनाची किंमत उतरते. नावाची चौकट कोरी असावी लागते. आपल्याकडे वाटीवर नाव नसेल तर ती शेजारणीची समजतात. म्हणजे ती ई. एम. सरांना परवडली ती नाव घेऊन आली म्हणून. काकू एवढ्यावर जरा निवळल्या. परकी बाई, पण स्वस्तातली.

मी आपलं मध्ये तोंड घातलं. म्हटलं, काळ्यावर चांदीच बघायची तर उदगीर ओलांडा, बिदर आलंच. जस्तात थोडं तांबं, त्यावर खोदून ठोकून बसवलेली चांदीची तार. शेवटी किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर लावला की जस्त काळंकुट्ट होतं आणि चांदी पांढरीची पांढरी राहते. ह्या पेनात उलटा न्याय: रबरातलं गंधक बाहेर येऊन चांदीलाच काळी करतं. सर तिरसटले, "तुमच्या बिदरी फुलदाणीत शाई भरता येते का?"

"ह्यात तरी कुठे भरायलात?" काकू आतून.

खरंच होतं. आतली रबरी पिशवी केव्हाच वाळून खडखडायला लागलेली. पेन्शनच्या कागदावर सर सही करतात ती किराणावाल्यानं फुकट दिलेल्या बॉलपेननं.

मग आला दसरा. काकूंनी देवाची भांडी काढली. ताम्हन, पळी, निरांजन. काळवंडलेली ई. एम. बघून त्यांना कणव आली असणार. रिठ्याच्या गरम पाण्यात तीही पडली, तासभर. चांदी अशी निघाली की कुंकू लावून घ्यावं. पण जाळीच्या आतलं काळंभोर एबोनाइट चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी. जुन्या एबोनाइटला गरम पाणी दाखवायचं नसतं, शिवाय चांदीच्या खोबणीतली काळी छटा हाच म्हणे त्याचा साज. हे सगळं सरांनी नंतर सांगितलं, दोन दिवस न जेवता. लातूरहून व्याही भेटायला आले. पांढरा शर्ट घालून आले हो. बसले, पेन हातात घेतलं, नाकाला लावलं, मान हलवली, आणि दोघं बराच वेळ काही बोललेच नाहीत. मी चहा घेऊन गेले तर मलाच रडू फुटायची वेळ.

त्यानंतर सरांनी ते पेन काही हातात धरलं नाही. "विद्रूप झालं," म्हणाले, आणि लातूरच्याच मदतीनं दुसऱ्याच्या शोधाला लागले.

परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकू आल्या. हिरवी इरकल, नथ, आणि गळ्यात काळ्या पोतीत ओवलेलं चांदीचं जाळीदार काहीतरी, छातीवर झुलतंय. बाया वाणाचं सोडून तिकडेच बघायलेत. एकीनं हात लावून पाहिला, दुसरीनं ई. एम. वाचलं आणि विचारलं, ही कोण?

"ह्यांची होती," काकू म्हणाल्या. "आता माझी आहे. कडी शाबूत आहे."

मी लातूरच्या व्याह्यांचा नंबर घेतलाय. घरी बोलू नका.