नियोजित फटफटी

आपल्याकडं पुतळ्याच्या आधी पाटी उभी राहते. ‘नियोजित पुतळ्याची जागा’. जयंतीला त्या पाटीलाच हार पडतात, गुलाल लागतो, आणि पुतळा नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही. घाटनांदूरच्या आमच्या तात्यांची फटफटी अशीच आहे. आहे म्हणजे, तिची जागा आहे. ओसरीवर, धान्याच्या कोठीला लागून, दोन बाय सहा फूट, सारवून राखलेली. तिथं चप्पल काढली की आतून आवाज येतो, “ओ गुरुजी, गाडीवर पाय देऊ नका!”

तात्या शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होते. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं त्यांना शाल-श्रीफळ दिलं, आणि एक व्हर्नियर कॅलिपर त्यांनी स्वतःच स्वतःला दिला. तेव्हापासून गावातली एकही गोल वस्तू मोजल्याशिवाय राहिलेली नाही. गेल्या वर्षी पुतण्याच्या लग्नात त्यांनी नवरीच्या बांगडीचा आतला व्यास सांगितला होता. दशांशासकट.

बेत असा. अठ्ठावीस इंची जुनी सायकल, गजाचे ब्रेक, स्प्रिंगांचं चामडी सीट, पुढं वाटोळा दिवा, आणि पायडलच्या वर एक लहानसं इंजिन. दिसायला साहेबाच्या काळातली, कामाला मात्र रोजची. घर ते स्टेशन, स्टेशन ते बाजार, आणि इंजिनाला मानवलं तर वीस-बावीस किलोमीटरवरचं अंबाजोगाई. अंबाजोगाईला योगेश्वरी आहे, मुकुंदराज आहेत, मेडिकल कॉलेज आहे, पण रेल्वे नाही. ती आमच्याकडं आहे. आगगाडी गाठायला ते आमच्याकडं येतात, तर त्यांच्याकडं आपण लटकत का जायचं, असा तात्यांचा सवाल असतो.

इंजिन धाकट्या भावाच्या फवारणी पंपाचं. पाठीवर घ्यायचा पेट्रोलचा पंप. वरची टाकी नि नळ्या काढल्या की नारळाएवढं टू-स्ट्रोक इंजिन हातात येतं. “होंडानं दुसरं काय केलं?” तात्या विचारतात. ही गोष्ट खरी आहे. १९४६ साली जपानमधल्या हमामात्सुत सोइचिरो होंडानं लष्कराच्या वायरलेस जनरेटरची इंजिनं मिळवून सायकलींना बसवली, आणि पहिल्या गाडीला पेट्रोलची टाकी म्हणून अंथरूण शेकायचा गरम पाण्याचा डबा लावला. ही हकीकत कळल्यावर तात्यांनी घरात टाकी शोधायला घेतली. नजर फिरकीच्या तांब्यावर स्थिरावली. झाकण घट्ट, पोट गोल, मापात बसणारा. पण त्यावर काकूंच्या मामाचं नाव कोरलेलं. काकू म्हणाल्या, “त्या जपानवाल्याची बायको काय म्हणली, ते लिवलंय का तुमच्या पुस्तकात?” तेवढं लिहिलेलं नव्हतं. तांब्या वाचला.

मग गणित. हे इंजिन मिनिटाला सहा-साडेसहा हजार फेरे घेतं. सायकलच्या चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास. ताशी पंचवीस किलोमीटरला त्याला मिनिटात एकशे नव्वदच्या आतबाहेर फेरे पुरतात. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागं इंजिनाचे चौतीस. हा हिशेब एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर झाला, आणि त्या नादात लग्न राहिलं. चौतीसाला एक कसं आणायचं, यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही तात्यांचीच आहेत. एक, मोठी दातेरी चकती मागच्या चाकाच्या तारांना आवळायची. पण मग खड्ड्यात तारा तुटणार, आणि खड्ड्यांच्या बाबतीत आपण स्वयंपूर्ण आहोत. दुसरं, फ्रान्समधल्या सोलेक्ससारखं. तिच्या पुढच्या चाकावर इंजिन असायचं आणि रोलर टायरला घासून चाक फिरवायचा. तात्यांनी रोलरचा व्यास काढला तो दोन सेंटिमीटर निघाला, म्हणजे लाटण्याच्या मुठीएवढा. त्या संध्याकाळपासून लाटणं कपाटात कुलपाआड आहे.

खरी अडचण कायद्यानं केली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असलेली गाडी मोटार वाहन धरलेली नाही. पासिंग नाही, नंबर नाही. तात्या हरखले. कॅलिपर लावला, सिलिंडरचा व्यास ३४ मिलिमीटर. पिस्टनची उडी २८. गुणाकार केला: २५.४२. चारदा केला. ०.४२ सीसी म्हणजे आठेक थेंब. देवळात तीर्थ याहून जास्त मिळतं. पण तेवढ्यानं गाडी सायकल राहत नाही, वाहन होते, आणि घरी बनवलेल्या वाहनाला एमएच ४४ ची पाटी कोण देणार? दोन दिवस तात्या जेवले नाहीत, असं ते सांगतात. काकू म्हणतात, एक दिवस, आणि तोही एकादशीचा.

पुतण्या शहाणा आहे. तो म्हणाला, “तात्या, कशाला डोकं खाजवायलाव? अडीचशे वॅटच्या आतली मोटर बसवा, पंचवीसच्या पुढं पळू देऊ नका, लायसन्सचीबी झंझट नाही. रविवारी बसतंय सगळं.” तात्यांनी त्याच्याकडं असं पाहिलं, जणू मुलीला बघायला गेल्यावर कुणी थेट पाळणाच आणून ठेवलाय. “आवाज कुठाय त्याला?” लूना १९७२ मध्ये आली तेव्हा तिचा आवाज गल्लीच्या टोकापासून ऐकू यायचा, २०२४ ला ती विजेवर आली आणि गप्प झाली. हा तात्यांना विश्वासघात वाटतो. फट् नाही, फट् नाही, तर ती फटफटी कसली! खरं सांगायचं तर मला त्यांचं पटतं. आणि रविवारी गाडी तयार झाली असती, तर सोमवारी तात्यांनी करायचं काय होतं?

पारावर कुणी टोमणा मारला की त्यांचं उत्तर तयार असतं. “नगर-बीड-परळी रेल्वे १९९५ ला मंजूर झाली. दोनशे एकसष्ट किलोमीटर. बीडला गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला, अन् तेव्हाबी परळी पुढंच राहिली. सरकारला तीस वर्षं लागतेत, मला सातच झालेत.” यावर पार गप्प होतो. आमच्या जिल्ह्यात या मुद्द्याला उत्तर नाही.

खरिपात सोयाबीनवर अळी पडली की भाऊ येऊन इंजिन घेऊन जातो आणि पुन्हा पंपाला लावतो. तेवढे दिवस तात्या ‘डिझाइनचं काम’ करतात. आजवर गाडीचा एकच भाग विकत आणून झालाय, रबरी फुग्याचा पितळी भोंगा. तो सध्याच्या सायकलला लावून ते रोज संध्याकाळी पायडल मारत स्टेशनकडं जातात. कधी घाटनांदूरला उतरलात आणि मागून भोंगा ऐकू आला, तर पटकन बाजूला व्हा. गजाचे ब्रेक निकेल करायला लातूरला दिलेत, अजून आलेले नाहीत.