विषय: पोरीला डॉक्टर करणेबाबत

सुरत, पितृपक्ष, सप्टेंबर २०२५

उधना, लिंबायत, डिंडोली, गोडादऱ्यापासून थेट अमळनेर, चोपडा, शहाद्यापर्यंत पसरलेल्या आमच्या समस्त जिभाऊ, आप्पा, नाना, मामा, मावश्या आणि आत्याबाईंना शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. पत्रास कारण की, आमच्या पुतणीचा नीटचा निकाल जूनमध्ये लागला. ती त्यातून जुलैतच सावरली. तुम्ही मंडळी अजून सावरला नाहीत. गणपतीला जो जो उधना स्टेशनावर उतरला, त्यानं चपला काढायच्या आधी विचारलं, "पोर काय करी ऱ्हायनी?" फिजिओथेरपीला अर्ज भरलाय म्हटल्यावर आरती होईपर्यंत कुणी बोललं नाही. प्रसाद हातावर पडला तेव्हा एकेकाला कंठ फुटला. "म्हणजे मालिशच ना?" हे आप्पांचं. "डॉक्टर नाही म्हणजे मग काय?" हे मावशीचं. जिभाऊंनी तर बाप्पाकडे असं पाहिलं, जणू फॉर्म त्यानंच भरून दिला होता.

आपली काळजी शिरोधार्य. कापड मार्केटात पार्सलं उचलण्यात आणि लूमच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या करण्यात दोन पिढ्या गेल्या; आता घराण्याच्या दारावर पितळी पाटी हवी, हे आम्हालाही कळतं. म्हणून आपण सुचवलेल्या एकेका उपायाची दखल घेतो.

नाना विचारतात, पास झाली ना, मग सीट का नाही? नाना, यंदा नीटला २२ लाखांवर पोरं बसली. त्यांतली १२ लाखांवर 'पात्र' ठरली. एमबीबीएसच्या जागा, सरकारी-खासगी सगळ्या धरून, देशभरात सव्वा लाखाच्या आतबाहेर. दहांतल्या नऊ पात्रांना पात्रतेचं समाधान तेवढं मिळतं. मजुरागेटच्या सरकारी मेडिकलला किंवा महापालिकेच्या 'स्मीमेर'ला लागतात तेवढे मार्क तिला नाहीत. बारावीच्या टक्क्यांवर फिजिओथेरपी मात्र यंदा सुरतेतच मिळू शकते.

मामांचं म्हणणं, मॅनेजमेंट कोट्यात घाला, भाचीसाठी काय करायचं नाही? मामा, गुजरात सरकारच्याच सोसायटीची जीएमईआरएस कॉलेजं आहेत; आपल्याला जवळची म्हणजे नवसारी आणि वलसाडची. गेल्या वर्षी त्यांनी मॅनेजमेंट कोट्याची वर्षाची फी ९ लाखांवरून एकदम १७ लाखांवर नेली. आरडाओरडा झाला, तेव्हा १२ लाखांवर आणली. १७ ऐकून घाबरलेल्या पालकाला १२ स्वस्त वाटले. भाव सांगण्याची ही रीत रिंग रोडवर साड्या विकणाऱ्या माझ्या भावाच्या चांगल्या ओळखीची आहे. त्याच्या पगारात साडेचार वर्षांच्या फीचा हिशेब बसवून दाखवाल, तर उद्याच अर्ज बदलतो. आपण मात्र कोट्याचं नाव काढलंत, रकमेचं काढलं नाहीत.

जिभाऊंनी एजंटाकडून किर्गिझस्तानचं रंगीत पत्रक आणलं. त्यात बर्फ आहे, इमारत आहे, भारतीय मेसमधलं पनीरही आहे. तिकडून पदवी घेऊन आल्यावर इथं एफएमजीईची परीक्षा द्यावी लागते आणि तिला बसणाऱ्यांतले बहुतेक नापास होतात, एवढं वाक्य मात्र त्या पत्रकात मावलं नसावं.

आणि समजा झाली एमबीबीएस. मामांच्या साडूचा मुलगा एमबीबीएस झाला तेव्हा याच मंडळींत "साधा एमबीबीएस? एमडी कधी?" असं कुणी विचारलं होतं, नाव घेत नाही. ते आपलं डोळे मिटून ऐकत बसले आहेत.

आता मालिश. आत्याबाई, आपला उजवा गुडघा बदलला ते आठवा. सर्जननं तास-दीड तासात आपलं काम चोख केलं आणि त्यांचे गुण आपण अजून गाता, ते योग्यच. पण दुसऱ्याच दिवशी वॉकर घेऊन आपल्याला उभं करायला जी मुलगी आली, तिला आपण 'कसाईण' म्हणालात. ती पुढे घरी येऊ लागली. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली सरकवायची, "दाबा, पाच आकडे धरा, सोडा." मग टाच गादीवरून मागे ओढायला लावायची. आपण रडायचात, देवाला हाका मारायचात, आणि ती प्लास्टिकच्या कोनमापकानं गुडघा किती वाकला ते मोजायची. पुतणी शेजारी बसून केमिस्ट्रीच्या वहीच्या मागच्या पानावर ते आकडे लिहायची: ६०, ७०, पुन्हा ७०, ८५. ज्या दिवशी ९० झाले त्या दिवशी आपण खुर्चीत सरळ बसून चहा प्यालात. नंतर अमळनेरच्या मंगळग्रह मंदिरात स्वतःच्या पायांनी गेलात आणि नारळ सर्जनच्या नावानं फोडलात. या सगळ्या काळात कुणी तेलाची बाटली उघडल्याचं मला तरी आठवत नाही. पुतणीनं काय शिकायचं ते ठरवलं ते त्या वहीच्या मागच्या पानावर, नीटच्या निकालाच्या कितीतरी आधी. तेव्हा नापासांची सोय म्हणून ती तिकडे वळली, हा समज कृपया काढून टाकावा.

आणि शहर कुठलं निवडलंय तिनं? वराछ्यात घंटीभोवती, म्हणजे घासायच्या चाकाभोवती, बसून माना खाली घालून माणसं हिरे घासतात. उधन्या-पांडेसऱ्यात लूमवर आणि मिलात पायांवर उभी राहून रात्र काढतात. रिंग रोडवर पाठीवर कापडाचे गठ्ठे चढतात. आपल्या लिंबायतमध्ये तर गल्लीगल्लीत बाया फरशीवर बसून साडीला टिकल्या चिकटवतात, धागे कापतात. पाठीला टेकू नाही, उजेड दारातून येईल तेवढा. संध्याकाळी यातला प्रत्येक जण दुखण्याची गोळी घेतो. गोळीनं भागेनासं झालं की 'शेक घ्यायला' किंवा 'करंट लावायला' जातो. मशीन लावून पडून राहायला सगळे तयार असतात. व्यायाम सांगितला की वेळ नसतो. या शहराला चांगले फिजिओ कमी पडतील, जास्त होणार नाहीत, असं माझं मत आहे.

ही विद्या काल-परवा कुण्या क्लिनिकवाल्यानं काढली, असाही आपला ग्रह दिसतो. पोलिओनं पोरांचे पाय जात होते त्या काळात, १९५३ साली, मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली. केंद्र सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना अशा तिघांनी मिळून काढली. लस यायला अवकाश होता. ज्यांचे पाय गेले होते त्यांना उभं कोण करणार, हा प्रश्न होता, आणि तो औषधाच्या चिठ्ठीनं सुटण्यातला नव्हता.

पण आपलं खरं दुखणं दुसरीकडे आहे. ते पाटीवरच्या 'डॉ.' मध्ये आहे. तिथली ताजी बातमी ऐका. अशा संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगानं एप्रिलमध्ये नवा अभ्यासक्रम आणला. फिजिओथेरपिस्टनं नावाआधी 'डॉ.' आणि नावानंतर 'पीटी' लावायला त्यात हरकत नव्हती. ८ सप्टेंबरला जागतिक फिजिओथेरपी दिन झाला, सत्कार झाले, हार पडले. ९ सप्टेंबरला दिल्लीच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं पत्र काढलं की फिजिओंनी 'डॉ.' लावू नये, वैद्यकीय पदव्यांच्या १९१६च्या कायद्याचा भंग होतो. १० सप्टेंबरला ते पत्र मागे घेतलं, विषय आणखी तपासायचा आहे म्हणून. एका रात्रीत देशभरातल्या फिजिओंची उपाधी गेली आणि परत आली. पितृपक्षात काढलेलं पत्र टिकणार कसं, असं आत्याबाई म्हणतात; याहून बरं स्पष्टीकरण दिल्लीनंही दिल्याचं माझ्या वाचनात नाही.

मावशी, आपल्या माहितीसाठी: विलायतेत डॉक्टर सर्जन झाला की 'डॉक्टर' सोडून 'मिस्टर' लावतो आणि त्यातच मान समजतो. अमेरिकेत फिजिओथेरपीची पदवीच डॉक्टरेटची असते. म्हणजे आपण न्यू जर्सीचं जे स्थळ मनात धरलं आहे, तिथं पोरगी शिकून उभी राहिली तर आपोआप 'डॉक्टर' आणि त्यांच्या ओळखीतला लंडनचा सर्जन नुसता 'मिस्टर'. आता बोला.

पुतणीला आम्ही काही अंधारात ठेवलेलं नाही. नव्या अभ्यासक्रमानं इंटर्नशिप धरून पाच वर्षं, म्हणजे एमबीबीएसपेक्षा जेमतेम सहा महिने कमी. सुरुवातीचा पगार ऐकून मार्केटातला सेल्समनही हसेल. पुढे पदव्युत्तर एमपीटी करावं लागेल. औषध लिहिता येणार नाही. पेशंट दहा दिवसांचं पॅकेज ठरवताना भाजीसारखी घासाघीस करतील आणि चौथ्या दिवसापासून यायचे बंद होतील. दिवसभर दुसऱ्यांचे पाय उचलून हिचीच कंबर धरेल. हे सगळं तिच्यासमोर ठेवलं. रोग ओळखण्याच्या कोड्यात ती रमणारी असती, रात्री-अपरात्री वॉर्डात धावायची तिला हौस असती, तर एक काय, दोन वर्षं ड्रॉप घे असं मीच म्हटलं असतं. सिव्हिलच्या ओपीडीत मिनिटाला एक पेशंट बघणारा डॉक्टरही या शहराला हवाच आहे. तिला एकच माणूस पाऊण तास हवा, तोच उद्या, तोच परवा, आणि मधल्या पाच अंशांचा फरक मोजायला हवा. अशा पोरीला मेडिकलला ढकलणं म्हणजे एक नाखूष डॉक्टर तयार करणं, आणि तसे आपल्याकडे पुरेसे आहेत.

तेव्हा विनंती एवढीच, की प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत माझ्या भावाला कुणी फोन करू नये. कोट्याची रक्कम जमा करणाऱ्यास मुभा आहे. पितळी पाटीचा खर्च नानांनी कबूल केलाय, तो पाच वर्षांनी घेऊ, 'डॉ.' कोरायचं की नाही ते तोवर दिल्लीत ठरलेलं असेल, अशी आशा करू या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पोरीचा काका

ता. क. आप्पा, मान आखडली म्हणून तिला व्हिडिओ कॉल करून "जरा बघ" म्हणू नका. ती अजून पहिल्या वर्षालाही बसलेली नाही. सिव्हिलमध्ये फिजिओथेरपीचा विभाग आहे. केसपेपर काढा आणि रांगेत उभे राहा.