ब्रूनोचे बाबा

पूर्वी त्यांना आडनाव होतं. दारावरच्या पाटीवर ते अजूनही आहे, पण सोसायटीत ते कुणाला सांगता येणार नाही. वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे त्यांना 'ब्रूनोचे बाबा' म्हणतात. त्यांची इंजिनिअर झालेली मुलगी 'ब्रूनोची ताई', आणि वहिनी, अर्थात त्यांच्या माघारी, 'ब्रूनोची आई'. स्वतः ब्रूनो हा काळा, भारदस्त लॅब्रडॉर. त्याचं वजन जास्त आहे असं डॉक्टर म्हणतात. बाबांच्या मते त्याची हाडं जड आहेत.

असे बाबा आमच्या कोथरुडातच आहेत असं नाही. ठाण्यात आहेत, नाशकात आहेत, नागपुरात तर उन्हाच्या मानाने जरा जास्तच असतील. दहा महिने ते चारचौघांसारखे वागतात. गुढी उतरली की बिघडतात. सकाळच्या पेपरात लोक आयपीएलचा स्कोअर बघतात, हे तापमानाचा तक्ता बघतात. शिवाजीनगर आणि लोहगाव यांच्या आकड्यांत फरक असला, तर जास्त असेल तो ब्रूनोचा. मग फिरायची वेळ पहाटे साडेपाचवर येते. संध्याकाळी फाटकाबाहेर पडण्याआधी बाबा खाली वाकून उलटा तळहात डांबरावर टेकवतात आणि सात आकडे मोजतात. सातापर्यंत हात ठेववला नाही, तर ब्रूनोचे पायही तिथे पडणार नाहीत. नव्या वॉचमनला पहिले काही दिवस वाटलं, साहेबांचं रोज काहीतरी पडतं.

त्यांच्या घरात दोन थर्मामीटर आहेत. एकावर लाल पेनने 'ब्रूनो' लिहिलंय. कुत्र्याचा ताप जिभेखाली घेत नाहीत, हे वाचकांच्या लक्षात आलं असेलच. त्या घरात मला एकदा कणकण वाटली, तेव्हा वहिनींनी आणून दिलेल्या थर्मामीटरवरचं नाव मी आधी नीट वाचलं. बाकी आकड्यांचा हिशेबही वेगळा. 101 ते 102.5 फॅरनहाइट म्हणजे आपल्याला ऑफिसातून रजा मंजूर होईल एवढा ताप, आणि ब्रूनोची ती ठणठणीत तब्येत. 104च्या पुढे मात्र बाबांचा आवाज बदलतो. "कुत्र्याला घाम येतो तो फक्त तळव्यांना, आणि तोही नावापुरता. बाकी सगळा कारभार जिभेवर!" हे वाक्य त्यांनी लिफ्टमध्ये, वरातीत आणि एका तेराव्याच्या जेवणातही म्हटलेलं मी ऐकलंय.

समोरच्या इमारतीतल्या हस्कीवाल्यांशी त्यांचं या विषयावरूनच फाटलं. त्या गृहस्थांनी चैत्रात हस्कीचे सगळे केस काढून आणले. बाबा तडक त्यांच्या दारात गेले. हस्कीचे दाट दुहेरी केस बाहेरचं ऊनही अडवतात, पार भादरलं तर कातडी भाजते, हे त्यांनी सांगितलं. ते बरोबरच होतं. पण तेवढ्यावर न थांबता ते इतिहासात शिरले. 1925 साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा याच्या पूर्वजांनी शून्याखालच्या थंडीत बर्फातून घसरगाड्या ओढून औषध पोचवलं, "आणि तुम्ही त्यांच्या वंशजाला मे महिन्यात दुसऱ्या मजल्यावर पश्चिमेच्या खोलीत ठेवता!" हस्कीवाले तेव्हापासून दुसऱ्या फाटकाने जातात.

एवढी उन्हाची धास्ती असलेला माणूस मे महिन्यात घरी बसेल, असं तुम्हाला वाटेल. पण आंबा मे महिन्यातच येतो आणि दापोलीकडचं घरही मे महिन्यातच आठवतं. ब्रूनोला पुण्यात ठेवण्याचा प्रश्नच नाही. रेल्वेचा विचार बाबांनी करून पाहिला. कुत्र्याला सोबत न्यायचं तर फर्स्ट क्लासची अख्खी केबिन किंवा कूपे आपल्या नावावर हवा; नाहीतर त्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पेटीत. ती पेटी पाहायला ते स्टेशनवर गेले आणि "यात तुम्ही बसून दाखवा," असं तिथल्या माणसाला म्हणाले. तो माणूस सज्जन असावा, कारण बाबा घरी परत आले.

राहता राहिली गाडी. ताम्हिणीतून माणगाव आणि तिथून खाली, या रस्त्याचा त्यांनी सूर्यासकट अभ्यास केलाय. पहाटे घाट उतरताना ऊन मागून येतं. माणगावला दक्षिणेकडे वळलं की डावीकडून. म्हणून ब्रूनो उजवीकडे, ड्रायव्हरच्या मागे, पट्ट्याने बांधलेला, एसीच्या थेट झोतात, खिडकीला काळी जाळी. डावीकडे बाबांच्या मातोश्री. वय 81. त्यांच्या खिडकीला जाळी नाही, कारण जाळ्यांच्या जोडीतली दुसरी ब्रूनोच्या मागच्या काचेला लागते. मातोश्रींनी डोक्यावरून पदर घेतला आणि मला म्हणाल्या, "याला लहानपणी एष्टीने न्यायचो. टळटळीत दुपारी, पत्र्याला हात लागला की चटका बसायचा. रडला की म्हणायचो, खिडकीतून वारा येतोय ना? गप बस. आता तो सगळं वसूल करतोय." त्या गाडीत मी होतो, कारण बाबांना एक जादा माणूस हवा होता. कशासाठी, ते मला पुढे कळलं.

सामानात माणसांच्या मिळून दोन बॅगा आणि ब्रूनोची एक, पण तिच्यात काय नाही ते विचारा. पाण्याचा मोठा थर्मास, घडीचं भांडं, फवाऱ्याची बाटली, गारवा देणारी जेलची गादी, बॅटरीवरचा पंखा, डॉक्टरांनी प्रमाण लिहून दिलेलं इलेक्ट्राल, लसीकरणाचं कार्ड, आणि वाटेतल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांचे नंबर. त्या दवाखान्यांना बाबांनी आदल्या दिवशी फोनही केले होते. एका डॉक्टरांनी अडलेल्या म्हशीजवळून फोन घेतला आणि 'लॅब्रडॉरला घाटात मळमळलं तर काय करू', हा प्रश्न शांतपणे ऐकून घेतला. उत्तर मात्र चोख मिळालं: निघण्याआधी तीनचार तास पोटात काही जड घालू नका. म्हणून पहाटे ब्रूनो उपाशी आणि त्याच्या सहानुभूतीत आम्हीही.

नाश्त्याला महामार्गावरच्या एका मोठ्या हॉटेलात थांबलो. दारातच मॅनेजर म्हणाले, कुत्रा आत चालणार नाही. बाबांनी महाप्रस्थान काढलं. बरोबर आलेल्या कुत्र्याला सोडून इंद्राच्या रथात बसायला युधिष्ठिराने नकार दिला होता, आणि तिथे तर स्वर्गाचा प्रश्न होता. मॅनेजर म्हणाले, "बरोबर आहे साहेब, पण एसी हॉलमध्ये नाही चालणार." मग माझं प्रयोजन उलगडलं. गाडी सावलीत, इंजिन चालू, एसी चालू, आणि आत एक माणूस कायम. "एसी लावून कुत्र्याला एकटं सोडलं आणि इंजिन बंद पडलं तर?" आम्ही पाळ्या लावून मिसळ खाल्ली. माझी पाळी आली तेव्हा ब्रूनो घोरत होता आणि काचेबाहेरून एक छोटा मुलगा, माणूस गाडीत कोंडला आहे म्हणून, माझ्याकडे करुणेने बघत होता.

बाबांची चेष्टा इथवर मीही मनापासून करत होतो. पण आमच्या गाडीकडे परत जाताना ते एका पांढऱ्या गाडीपाशी थबकले. आत एक पग होता. 2003 साली हचच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागेमागे फिरून या जातीने भारतभर घरं मिळवली. त्या चपट्या नाकातून नुसता श्वास घेणंही कष्टाचं असतं, ते जाहिरातीत दिसलं नाही. काच दोन बोटं उघडी होती. पग उभा होता, जीभ पार बाहेर लोंबत होती, लाळेची तार सुटली होती, आणि त्याच्या घशाचा खरखर आवाज बंद दारातून ऐकू येत होता.

हा माणूस पळताना मी प्रथमच पाहिला. काउंटरवर जाऊन त्यांनी माइकवरून गाडीचा नंबर पुकारायला लावला. गाडीचा मालक रुमालाने हात पुसत आला. "अहो, पाचच मिनिटं झाली, आणि काच उघडी ठेवलीय की!" बाबा काही बोलले नाहीत. दार उघडायला लावलं, पगला उचलून झाडाखाली घेतलं, थर्मासमधलं पाणी त्याच्या पोटावर, मांड्यांमध्ये, पायांवर ओतलं आणि मला म्हणाले, "वारा घाला." मी हॉटेलच्या मेनूकार्डाने वारा घातला. मालक ओला टॉवेल अंगावर गुंडाळायला निघाले, तो बाबांनी काढून घेतला: त्याने वाफ आतच कोंडते. प्यायला पाणी घोटघोटच दिलं. खरखर कमी झाली तेव्हा ते मालकाशी पहिल्यांदा बोलले. बाहेर 35 अंश असले तर दहा मिनिटांत बंद गाडीत 45च्या पुढे जातं, अर्ध्या तासात पन्नाशी पार होते, आणि काच थोडी उघडी ठेवल्याने त्यात जवळजवळ काही फरक पडत नाही. आता पग बरा दिसतोय, पण आतले अवयव तापलेले असू शकतात, तेव्हा डॉक्टरकडे आत्ताच जा. म्हशीवाल्या डॉक्टरांचा नंबर त्यांनी लिहून दिला. मालक गेले. मग बाबांनी उरलेलं व्याख्यान आम्हाला दिलं, थेट दापोलीपर्यंत.

त्याचा विषय होता दमट हवा. पुण्याच्या कोरड्या हवेत धाप लागली की जिभेवरचं पाणी भरभर उडतं आणि कुत्रं निवतं. कोकणात हवाच ओली, पाणी उडणार कुठे? म्हणजे पारा पुण्यापेक्षा खाली असला तरी कुत्र्याला त्रास जास्त. गाव जवळ आलं तसं त्यांनी चुलतभावाला फोन करून हवेतली आर्द्रता विचारली. भाऊ म्हणाले, "पंखा आहे, वर कौलं आहेत, संध्याकाळी वारा सुटतो. आणखी काय हवंय त्याला? आणि बांगडे घेऊ की सुरमई?"

घरी पोचल्यावर ओटीवर जेलची गादी अंथरली गेली. भाऊंचा गावठी कुत्रा, ज्याला नावही नाही, तिला एकदा हुंगून आगरात निघून गेला. पोफळींना नुकतंच शिंपण झालं होतं. पाटाच्या कडेची ओली माती त्याने पुढच्या पायांनी उकरली आणि पोट टेकून आडवा झाला. अर्ध्या तासाने ब्रूनो त्याच्या शेजारी होता. वहिनी हसल्या. बाबा हसले नाहीत, ते खाली बसले, मातीला उलटा हात लावला आणि म्हणाले, "शास्त्रीय आहे. पोटावर केस विरळ असतात." मग रात्री कंदिलासमोर बसून त्यांनी ब्रूनोच्या अंगावरच्या गोचिडी वेचल्या. गादी मातोश्रींना मिळाली. त्यांना फार बरी झोप लागली, असं त्या सकाळी म्हणाल्या.

समुद्रावर आम्ही सूर्य उगवायच्या आत गेलो, कारण नंतर वाळू तापते. ब्रूनो लाटांत शिरला आणि खारं पाणी लपालपा प्यायला लागला, तेव्हा "उलट्या होतील रे!" असं ओरडत बाबा लेंग्यासकट पाण्यात गेले. किनाऱ्यावरच्या कोळणींनी काम थांबवून हा देखावा पाहिला.

हा माणूस हास्यास्पद आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याच्या गाडीत पुन्हा बसायची माझी इच्छाही नाही. पण उन्हाच्या बाबतीत तो एकदाही चुकला नाही, हे मला कबूल करावं लागतं, आणि ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही मात्र एवढं करा. या मे महिन्यात कुत्र्याला घेऊन निघालात, तर जेवायला पाळ्या लावा. दुसऱ्याच्या बंद गाडीत कुत्रं दिसलं, तर काउंटरवर जाऊन नंबर पुकारायला सांगा. आणि माइकवर तुमच्याच गाडीचा नंबर आला, तर हातातला घास ठेवून तसेच धावा. पार्किंगमध्ये ब्रूनोचे बाबा उभे असतील आणि या खेपेला ते आधी बोलतील.