म्या म्हणलो नव्हतो का?

उमापूरच्या बप्पांचं भाकीत आजवर कधी चुकलेलं नाही, कारण ते निकाल लागल्यावरच भाकीत करतात. पाऊस कोसळून वेचणीला आलेला कापूस भिजला, की हॉटेलाच्या बाकड्यावरून आवाज येतो, "म्या म्हणलो नव्हतो का?" कापसाचा भाव चढला तरी तेच. त्यांचा स्वतःचा कापूस मात्र दिवाळीआधीच व्यापाऱ्याच्या टेम्पोत गेलेला असतो.

पण बप्पांची खरी करामत म्हणजे पुणेरी पलटण. 2014 ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि पहिले दोन्ही मोसम पलटण तळाला राहिली. बप्पा तेव्हा यू मुंबा संघाचे. "पुण्याच्या पोरांनी कॅरम खेळावा," हे त्यांचं मत अख्ख्या बाकड्यानं ऐकलंय. 2016 ला पलटण तिसरी आली, तेव्हा बप्पा अर्धे वळले. पुढे संघानं तालमीत पैलवान तयार करावेत तशी युवा पलटणीत पोरं घडवायला घेतली. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, पंकज मोहिते ही पोरं पलटणीतच मोठी झाली. डिसेंबर 2022 च्या अंतिम सामन्यात जयपूरकडून चार गुणांनी हार झाली. बप्पा म्हणाले, "म्या म्हणलो नव्हतो का, पोरं कवळी हायेत!"

पुढच्या लिलावात पलटणीनं इराणच्या शादलुईवर 2 कोटी 35 लाख ओतले. बप्पांच्या हातातली बशी डचमळली. "आरं, एवढ्यात आपलं निम्मं शिवार येतंय!"

1 मार्च 2024 ला हैदराबादेत अंतिम सामन्यात पंकजनं एकाच चढाईत चार गडी टिपले आणि पलटणीनं हरियाणाला 28-25 नं लोळवलं. सकाळी बप्पा कपाळाला गुलाल लावून हजर. "शादलुईला घ्या, म्या म्हणलो नव्हतो का? म्या पहिल्या दिवसापासून पलटणीचा!" मागच्या तारखेनं फेरफार ओढावा, तशी दहा वर्षांची निष्ठा एका रात्रीत बप्पांच्या नावावर चढली. त्यानंतरच्या मोसमात पलटण बाद फेरीतसुद्धा नव्हती. त्या काळात बप्पांना शेतीची कामं फार होती.

2025 ला पलटण पुन्हा अंतिम सामन्यात आली, तेव्हा हॉटेलवाल्यानं डोकं चालवलं. सामन्याआधीच उधारीची वही पुढं सरकवली. "बप्पा, कोण जिंकणार ते लिहा अन् खाली सही करा."

बप्पांनी बराच वेळ पेन चावला. मग लिहून, सही करून वही मिटली.

दिल्ली 31-28 नं जिंकली. सकाळी सगळ्यांसमोर वही उघडली. लिहिलं होतं : 'पलटण. न्हाईतर दिल्ली.'

"म्या म्हणलो नव्हतो का?" बप्पा बाकड्यावर टेकले.

"म्हणला होता की," हॉटेलवाला त्याच पानावर बोट ठेवून म्हणाला, "अन् सहीच्या वर 340 रुपये चहाचेबी हायेत."

बप्पांनी चष्मा पुसला, वही जवळ घेतली, लांब धरली.

"हे म्या म्हणलो नव्हतो."