धारपांचं चरित्र कुठल्या कपाटात?

आमच्या भाच्याच्या मुलुंडच्या वन बीएचकेत पाहुण्याला गादी घालायला जागा नाही, पण टॉल्कीनला आहे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ला वीतभर जागा पुरते. उरलेली दीड फळी त्या माणसावर झालेल्या पुस्तकांची. हम्फ्री कार्पेंटरचं 1977 चं चरित्र, 1981 साली आलेली पत्रं, टॉम शिपीची समीक्षा. शिवाय मुलगा ख्रिस्तोफर यांनी वडिलांचे कच्चे मसुदे जुळवून 1983 ते 1996 या काळात काढलेले बारा खंड. बारा! असा मुलगा मुलुंडात जन्मता, तर आईने ‘आधी माळा रिकामा कर’ म्हणत त्याच्या हातात सुतळी दिली असती. रद्दीवाला काय, खालीच उभा असतो.

आमची ताई शाळेत शिकवायची. तिला भाच्याने कार्पेंटरच्या पुस्तकातला किस्सा ऐकवला. टॉल्कीन प्राध्यापक, पण उन्हाळ्यात वरकमाईसाठी परीक्षेचे पेपर तपासायचे. एका मुलाने एक पान कोरं सोडलं होतं. त्या पानावर त्यांनी ‘हॉबिट’चं पहिलं वाक्य खरडलं.

“कोऱ्या पानावर आडवी रेघ मारायची असते,” ताई म्हणाली. “बोर्डाच्या पेपरवर असं काही लिहिलं असतं ना, तर मॉडरेटरने उभं केलं असतं!”

“आई, ते ऑक्सफर्डचे होते.”

“मग तर कळायला हवं.”

मला टॉल्कीनचा हेवा वाटतो तो आपल्या भयकथाकार नारायण धारपांसाठी. जन्म 1925, मृत्यू 2008, नावावर शंभराहून जास्त पुस्तकं. ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वरून आली हे चाहत्यांना ठाऊक असतं, आणि ते धारपांना माफही असतं. किंगच्या गावातलं भूत इतक्या सफाईने मराठीत नांदवायचं म्हणजे खायचं काम नाही. ‘तुंबाड’मधल्या ज्या आजीला बघून मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्न सांडलं, तिचं मूळही धारपांच्या ‘आजी’ या कथेत. त्यांच्या आधीचे कादंबरीकार नाथमाधव, त्यांचं तर आयुष्यच कादंबरी. तेविशी-चोविशीत शिकारीला सिंहगडावर गेले आणि कड्यावरून पडून कमरेखाली लुळे झाले. नंतर त्यांनी ‘वीरधवल’ लिहिली. असा मसाला मिळाला असता, तर कार्पेंटरने दोन खंड काढले असते.

पण आमच्या वाचनालयात ‘चरित्र-आत्मचरित्र’ या कपाटात दोघेही नाहीत. तिथे नट, पुढारी आणि उद्योगपती दाटीवाटीने बसलेत. धारप आहेत ते मागच्या रॅकवर, खाकी कव्हरात, पुठ्ठा निसटलेले. एका प्रतीच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहिलंय, ‘रात्री एकट्याने वाचू नये.’ खाली वेगळ्या अक्षरात, ‘वाचलं. काही होत नाही.’ त्याखाली, जरा हललेल्या हाताने, ‘होतं.’ भुताखेतांचा बंदोबस्त करणारे धारपांचे नायक ‘समर्थ’, त्यांच्या एका कथेचं शेवटचं पानच गायब आहे. तिथे कुणा सज्जनाने फुलस्केप चिकटवून पुढच्या वाचकाची सोय केली आहे: ‘समर्थ येतात. सगळं ठीक होतं.’ धारपांवर एवढी नेमकी समीक्षा मी अजून वाचलेली नाही. शिपीला एवढ्यात आटपायला सांगितलं असतं, तर तो आजारी पडला असता.

हे सगळे शेरे आणि तारखांच्या चिठ्ठ्या एकत्र करून धारपांवर पुस्तक काढायचं, असं आता भाच्याने मनावर घेतलंय. शताब्दी झाली, कुणी तरी करायलाच हवं, असं त्याचं म्हणणं. परवानगी मागायला आम्ही काउंटरवर गेलो. बाईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं.

“फोटो काढा हवे तेवढे. पुस्तक झालं की एक प्रत आणून द्या. पण चरित्राच्या कपाटात नाही हं ठेवणार.”

“का हो?”

“तिथलं कोण नेतं? धारपांशेजारीच ठेवते. आठवड्यात शेवटचं पान जाईल.”