सायकलीचे प्रस्थान

पन्नाशी ओलांडलेला, बँकेत किंवा पाटबंधारे खात्यात बढतीचे सोपान यथाक्रम चढून आलेला आणि गुडघ्यांच्या हितार्थ उशिरा सायकलीच्या नादी लागलेला पुणेकर गृहस्थ जेव्हा लेहहून खारदुंगला खिंडीवर सायकलीने चढण्याचा संकल्प सोडतो, तेव्हा त्याची कसोटी त्या खिंडीत लागणार अशी अजाण आप्तेष्टांची समजूत होते. वस्तुतः त्याचे सारे चित्त सायकल विमानात चढवण्याच्या विधीवर खिळलेले असते, आणि १७,५०० फुटांहून उंच असलेली ती खिंड ही त्या विधीची केवळ एक सबब असते.

मोहिमेचा आरंभ महिनाभर आधी खोक्याच्या शोधाने होतो. नव्या सायकली ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येतात ती दुकानदार एरवी रद्दीवाल्यास देऊन मोकळा होतो. परंतु हा गृहस्थ लांबी, रुंदी, पुठ्ठ्याचे पदर आणि कोपऱ्यांची शाबूत अवस्था यांची अशी कसून रुजुवात घालतो की, जुन्या काळी मुलगी पाहायला येणारे वरपिते त्यापुढे उदार वाटावेत. पुढचे चाक काढल्यावर चिमटा दबू नये म्हणून कारखाना त्यात प्लास्टिकचा एक ठोकळा अडकवून पाठवतो. तोही तो मागून घेतो आणि घरी विम्याच्या कागदपत्रांशेजारी कुलपात ठेवतो.

प्रस्थानाच्या चार दिवस आधी दिवाणखान्यात वर्तमानपत्रे अंथरून विच्छेदनास प्रारंभ होतो. उजवे पॅडल डावीकडे फिरवून सुटते आणि डाव्याचे आटे उलटे असल्याने ते उजवीकडे फिरवावे लागते, हे ज्ञान वस्तुतः प्रत्येक पंक्चरवाल्यास असते. पण आमचा गृहस्थ ते, पाना हाती धरून, चहाला आलेल्या शेजाऱ्यांस गुह्य मंत्रासारखे देतो. सीटची दांडी खाली सरकवण्यापूर्वी तिच्या उंचीची खूण चिकटपट्टीने केली जाते. हँडल सुटून दांड्याला बांधले जाते. वातानुकूलन यंत्राच्या नळ्यांवर चढवतात ती काळी, फोमची नळी चिरून सायकलीच्या प्रत्येक दांड्यावर चढते. आणि गिअर बदलणारा तो मागचा नाजूक अवयव, ज्यास हे लोक डिरेलर म्हणतात, घरातल्या सर्वांत मऊ टॉवेलात गुंडाळला जातो. "अहो, माझ्या बाळंतपणात इतका मऊ टॉवेल शोधला होतात का?" असा प्रश्न स्वयंपाकघरातून येतो, त्यास उत्तर मिळत नाही, कारण त्या वेळी बोल्टांची मोजदाद चालू असते. प्रत्येक बोल्टास स्वतंत्र पाकीट, पाकिटावर क्रमांक आणि क्रमांकांची यादी तीन प्रतींत: पाटबंधारे खाते माणसाला सोडते, माणूस खात्याला सोडत नाही.

नंतर वजन. देशांतर्गत प्रवासात सामानाची मर्यादा बहुधा १५ किलो. खोके त्याहून हटकून अधिक भरते. तेव्हा खोके कवटाळून काट्यावर उभे राहायचे, मग ते खाली ठेवून पुन्हा उभे राहायचे आणि वजाबाकी करायची, हा प्रयोग उत्तर आवडेपर्यंत चालतो. येथे इतिहासाची गंमत मनात येतेच. १९०३ साली विमान उडवणारे राइट बंधू हे डेटन गावचे सायकलींचे दुकानदार. त्यांच्या विमानाचे पंखेसुद्धा साखळ्यांवर आणि दातेरी चक्रांवर फिरत होते. त्या सायकलीलाच आज विमानात बसण्यासाठी जादा भाडे भरावे लागते.

विमानतळावरचा प्रसंग मात्र खरा रंगतो. "सर, टायरमधली हवा काढलीय ना?" असे काउंटरवरची मुलगी विचारते आणि आमचा गृहस्थ, ज्याने सर्व नियम पाळून हा एकच नियम तत्त्वासाठी मोडलेला असतो, घसा साफ करतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस इंचास १४.७ पौंड, म्हणजे सामानाची कोठी सर्वस्वी निर्वात झाली तरी टायरवर तेवढाच भार वाढणार. परंतु तीही बंदिस्त असून तेथील हवा फार तर ८,००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. लेह तर मुळातच साडेदहा हजार फुटांच्या वर वसलेले, तेव्हा जे टायर तेथे भर रस्त्यात फुटत नाही ते विमानाच्या पोटात का फुटावे? युक्तिवाद निर्दोष असतो. मागची रांगही ती गोष्ट मान्य करण्यास, किंबहुना काहीही मान्य करण्यास, तयार असते. "बरोबर आहे सर, पण हवा काढावी लागेल," एवढेच मुलगी म्हणते आणि कात्री पुढे करते. चिकटपट्टीचे सात पदर कापले जातात.

त्या हवेची भरपाई लेहमध्ये करावी लागते. डॉक्टरांनी पहिले दोन दिवस जिनाही जपून चढण्याची ताकीद दिलेली, आणि विरळ हवेत पंपाचा प्रत्येक दणका अपुरा. पुण्यात जेथे १०० दणके पुरत तेथे सुमारे १४० लागतात, हा हिशोब तो धापा टाकत सोबत्यांना समजावतो, परंतु पंप कोणाच्या हाती देत नाही. दोन्ही चाके फुगल्यावर तो तडक हॉटेलच्या व्यवस्थापकाकडे जातो आणि परतीपर्यंत खोके कोरड्या खोलीत, उभे आणि कुलपात ठेवल्याची पावती मागतो. व्यवस्थापक त्याच्याकडे, मग खोक्याकडे पाहतो, आणि लिहून देतो: रिकामे खोके, नग एक.